तंजावर प्रांत

तंजावर प्रांत : तमिळनाडू राज्याच्या पूर्व किनाऱ्यावरील कावेरी नदीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेला ऐतिहासिक प्रांत. चोळांचा मूळ मुलूख, त्यानंतर नायकांची व १६७६ ते १८५५ या काळात भोसले घराण्याची सत्ताभूमी म्हणून तो प्रसिद्ध आहे. सांप्रत हा प्रदेश मुख्यतः तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम् व मयिलाडुतुरै या चार जिल्ह्यांत विभागलेला असून त्याच्या किनाऱ्यावरील कारैक्कालचा तुकडा पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात मोडतो. २०११ च्या जनगणनेनुसार या चार जिल्ह्यांच्या क्षेत्राची (त्या वेळी जिल्हे तीन होते) लोकसंख्या सु. ५२.८७ लाख होती.

महाराष्ट्राला स्वतःचा मोठा त्रिभुज प्रदेश नाही. कोकणच्या नद्या खाड्यांवाटे समुद्राला मिळतात, तर देशावरच्या नद्यांचे पाणी दूर परप्रांतात जाते; पुण्याजवळ खराडीच्या काठाने वाहणारी मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते व त्या पाण्याने आणलेला गाळ आंध्रच्या किनाऱ्यावर साठतो. त्यामुळे नदीच्या काठी वसलेला मुलूख मराठी वाचकाच्या परिचयाचा असला, तरी नदीनेच घडविलेला मुलूख तितकासा परिचयाचा नाही. तंजावर हा असा मुलूख आहे. येथे सीमा, गावांची नावे, जमिनीचे हक्क आणि कारभाराचे विभाग या सर्वांच्या मुळाशी पाण्याची वाटणी आहे.

नदी व पाटबंधारे : कावेरी कोडगूतील तलकावेरी येथे उगम पावते. तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेस मुक्कोंबू येथे तिचे दोन फाटे होतात. उत्तरेकडील फाटा कोळ्ळिडम, दक्षिणेकडील फाटा कावेरी. दोहोंच्या मधल्या बेटावर श्रीरंगमचे क्षेत्र आहे. बेटाच्या पूर्व टोकाशी हे फाटे पुन्हा जवळ येतात. कोळ्ळिडमचे पात्र खोल असल्याने कावेरीचे पाणी त्यात उतरून समुद्राकडे वाया जाण्याचा धोका तेथे सदैव असतो. हा धोका टाळण्यासाठी बांधलेला कल्लणै हा प्राचीन बंधारा म्हणजे साऱ्या प्रांताची किल्ली होय. परंपरेने त्याचे श्रेय करिकाल चोळ या राजास दिले जाते. कल्लणैच्या खाली कावेरी व वेण्णार अशा दोन मुख्य शाखा निघतात आणि पुढे कुडमुरुट्टी, अरसलार, वेट्टार, वीरसोळन, पामणियार, कोरैयार इ. उपशाखांचे जाळे पसरते. एवढे पाणी वाटून दिल्यावर मूळ कावेरी पूंपुहारजवळ समुद्रास मिळते, तेव्हा ती एखाद्या ओढ्याएवढी उरते. यात्रेकरूंना त्याचे आश्चर्य वाटते. परंतु नदीने आपले काम पुरे केल्याचीच ती खूण आहे.

कावेरीला पूर येतो तो नैर्ऋत्य मोसमी पावसाने, जून ते सप्टेंबरच्या काळात. त्या दिवसांत तंजावरवर पाऊस बेताचाच असतो. तेथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. एकाच जमिनीला अशा प्रकारे दोन ऋतूंचे पाणी मिळते. कुरुवै, सांबा व ताळडी हे भाताचे तीन हंगाम त्याच हिशेबाने ठरलेले आहेत. दुसऱ्याच्या आभाळातून येणाऱ्या पाण्यावर पहिला हंगाम अवलंबून असल्यामुळे, वरच्या अंगाला कोणाची सत्ता आहे हा प्रश्न येथे फार जुना आहे.

नामोत्पत्ती : तंजन नावाच्या असुराचा विष्णूने येथे वध केला व मरतेसमयी त्याने मागितलेल्या वरामुळे स्थळाला त्याचे नाव मिळाले, अशी स्थलपुराणातील कथा आहे. धनंजय या व्यक्तिनामापासून आणि ‘थंड शेतांनी वेढलेले गाव’ या अर्थाच्या तमिळ शब्दांपासून अशा आणखी दोन व्युत्पत्ती सांगण्यात येतात. अंत्यपद ‘ऊर’ म्हणजे गाव, एवढे निश्चित. मराठी बखरींत व पत्रांत या नगराचे नाव ‘चंदावर’ असे येते आणि जिंजीचे नाव ‘चंदी’. ‘चंदी-चंदावर’ हा जोडशब्द दक्षिणेतील सर्व मराठी मुलखाचा वाचक म्हणून रूढ झाला होता. ‘तंजावर’ हे रूप पुढे स्थिर झाले. इंग्रजांनी त्याचे ‘टँजोर’ केले. प्रांताचे जुने नाव मात्र नगरावरून पडलेले नाही. ते चोळनाडू अथवा चोळमंडलम् असे राजवंशावरून पडलेले असून यूरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचे ‘कोरोमंडल’ झाले व ते नाव साऱ्या पूर्व किनाऱ्याला चिकटले.

गावांच्या नावांत वसाहतीचे थर स्पष्ट दिसतात. ‘मंगलम्’ हे अंत्यपद बहुधा ब्राह्मणांना दिलेल्या अग्रहाराचे, ‘पट्टिणम्’ बंदराचे, ‘तुरै’ नदीच्या उताराचे. तिरुवैयारु याचा अर्थ ‘पवित्र पाच नद्या’. मराठी कागदांतील तिरुवाडी ते हेच व संस्कृतातील पंचनदही हेच. भोसले राजांनी या थरांवर आपला एक थर चढविला. शहाजीने (कार. १६८४–१७१२) तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, ते शहाजीराजपुरम् झाले. दुसऱ्या सरफोजीच्या काळातील मुक्तांबाळपुरम्, सरभेंद्रराजपट्टिणम् ही नावे त्याच जातीची. यांतील बहुतेक नावे दप्तरात राहिली. लोकांच्या तोंडी जुनीच नावे टिकली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

चोळ व नायक काळातील कारभार : विजयालय चोळाने नवव्या शतकाच्या मध्यास तंजावर घेतले. पहिल्या राजराजाने (कार. ९८५–१०१४) सु. १००१ मध्ये जमिनीची मोजणी करविली व राज्याचे मंडलम्, वळनाडू, नाडू, ऊर असे विभाग पाडले. वळनाडूंना त्याने आपल्याच बिरुदांची नावे दिली. त्यांच्या सीमा मात्र पुष्कळ ठिकाणी नद्यांनीच ठरविल्या होत्या. अरसलार व कावेरी यांच्या मधला पट्टा म्हणजे उय्यक्कोंडार वळनाडू, असा हा प्रकार. एका शाखेवर पाणी घेणारी गावे एका कारभारात राहतात, ही यातील व्यावहारिक सोय उघड आहे. गावात ऊर, ब्राह्मण अग्रहारात सभा व बाजारपेठेत नगरम् या संस्था महसूल, तळी व पाट यांची व्यवस्था पाहत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चोळसत्ता मावळली. पुढे विजयानगरच्या आधिपत्याखाली सु. १५३२ पासून सेवप्प, अच्युतप्प, रघुनाथ व विजयराघव या नायकांनी येथे राज्य केले. त्यांच्यासमवेत तेलुगू सरदार, कवी व ब्राह्मण घराणी आली. रघुनाथ नायकाने १६२० मध्ये तरंगंबाडी हे बंदर डॅनिश कंपनीला करारावर दिले.

मराठी सत्तेची स्थापना : १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावर जिंकले, विजयराघव लढाईत मारला गेला. त्याच्या वारसाला गादीवर बसविण्यासाठी विजापूर दरबाराने शहाजीराजांचे तुकाबाईपासून झालेले पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांस पाठविले. त्यांनी नगर घेतले, वारसाला बसविले आणि थोड्याच काळात, १६७६ मध्ये, सत्ता स्वतःकडे घेतली. दुसऱ्या वर्षी दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज कोळ्ळिडमच्या उत्तर काठी तिरुमलवाडी येथे उतरले व तेथे दोघा बंधूंची भेट झाली. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून बोलणे फिसकटले, व्यंकोजी रात्री नदी ओलांडून परत गेले व महाराजांनी कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलूख ताब्यात घेतला. ही घटना भाऊबंदकीचा प्रसंग म्हणून नेहमी सांगितली जाते. प्रांताच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे : तंजावरच्या राज्याला कोळ्ळिडम ही उत्तर सीमा मिळाली आणि ते त्रिभुज प्रदेशापुरते राहिले.

भोसले काळातील कारभार : राज्याचे पट्टुक्कोट्टै, मन्नारगुडी, कुंभकोणम्, मायावरम् व तिरुवाडी असे पाच सुभे होते. सुभ्याखाली सीमै, तिच्याखाली मागाणम् म्हणजे गावांचा गट आणि शेवटी गाव अशी उतरंड होती. मुख्य प्रधानाला ‘सरखेल’ म्हणत. कोकणात हाच शब्द आंग्र्यांच्या आरमारी पदाचा वाचक होता. एकाच काळी मराठी सत्तेच्या दोन टोकांना एका शब्दाचे असे दोन अर्थ झाले. सरकारी दप्तर मराठीत व मोडी लिपीत ठेवले जाई. गावचा हिशेब मात्र कणक्कन् म्हणजे गावचा लेखनिक तमिळमध्ये ताडपत्रावर लिही. हा द्विभाषिक सांधा सुभ्याच्या कचेरीत जुळविला जाई व तेथील दुभाषी कारकुनाचे महत्त्व त्यामुळे मोठे होते.

महसूल मुख्यतः धान्याच्या वाट्याने घेत. पिकाचे दोन भाग धरीत : मेलवारम् म्हणजे वरचा, सरकारचा वाटा आणि कुडिवारम् म्हणजे लागवडीचा वाटा. जमीन कुळी, मा व वेली या मापांनी मोजीत. १०० कुळींचा एक मा आणि २० मांची एक वेली, सु. ६.६ एकरांची. पाट व बांध दुरुस्त करण्यासाठी गावाने सामाईक श्रम देण्याची चाल होती. तिला पुढे ‘कुडिमरामत’ हे नाव मिळाले. त्यातील ‘कुडी’ म्हणजे रयत तमिळ, ‘मरामत’ फार्सी वळणाचा.

मिरास : कारभाराच्या परिभाषेतील सर्वांत दूरगामी शब्द हाच. गावच्या जमिनीतील वंशपरंपरागत हिश्श्याला तमिळमध्ये काणियाट्ची म्हणत. मराठी अंमलात त्याला मिरास म्हणू लागले. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वारसा. देशावरचा मिरासदार हा बहुधा स्वतः नांगर धरणारा, वतनी हक्काचा शेतकरी असे आणि त्याच्या तुलनेत उपरी हा हक्क नसलेला. तंजावरचा मिरासदार पुष्कळदा स्वतः शेतात उतरत नसे. अग्रहारांतील ब्राह्मण व इतर गावांतील वेळ्ळाळ हे मिरासदार, त्यांच्याकडून जमीन कसावयास घेणारा पुरक्कुडी हा कूळ आणि प्रत्यक्ष चिखलात राबणारे पळ्ळर व परैयर हे पण्णैयाळ म्हणजे जमिनीशी बांधलेले गडी. कुळाकडून मिरासदाराला मिळणाऱ्या वाट्यास ‘स्वामिभोग’ म्हणत. महाराष्ट्रातील अनुभवावरून तंजावरच्या कागदांतील ‘मिरासदार’ शब्दाचा अर्थ लावणारा अभ्यासक म्हणूनच फसतो. शब्द तोच, खाली दडलेली माणसे वेगळी.

काही गावांत सर्व जमीन एका धन्याची (एकभोगम्), तर काहींत ती सामाईक (समुदायम्) असे. समुदायम् गावांत ठरावीक मुदतीने वाफे पुन्हा वाटून घेत. पुराने एका वर्षी गाळ तर दुसऱ्या वर्षी वाळू टाकणाऱ्या भूमीत हीच वाटणी न्याय्य ठरली असावी. मात्र ही समता हिस्सेदारांपुरती होती. पण्णैयाळाला हिस्सा नव्हता.

अठराव्या शतकातील संकटे : सुपीकपणा हाच प्रांताचा शत्रू ठरला. मोगल, आर्काटचे नबाब, फ्रेंच व इंग्रज यांपैकी ज्याला पैसा हवा होता त्याची नजर तंजावरकडे वळे. तुकोजीच्या (कार. १७२८–३६) मृत्यूनंतर तीन वर्षे गादीसाठी कलह चालला, त्यातूनच फ्रेंचांना १७३९ मध्ये कारैक्काल मिळाले व इंग्रजांनी १७४९ मध्ये कोळ्ळिडमच्या मुखावरील देवीकोट्टै घेतले. प्रतापसिंहाने (कार. १७३९–६३) यातून राज्य सावरले. नागूर येथील दर्ग्याचा सर्वांत उंच मनोरा त्याने बांधविला. त्याचा पुत्र तुळजाजी याच्या काळात, १७७३ मध्ये, नबाबाने कंपनीच्या फौजेच्या मदतीने तंजावर घेतले. १७७६ मध्ये कंपनीच्या संचालकांच्या हुकुमाने ते राजाला परत मिळाले. हा हुकूम अंमलात आणणारे मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांना त्यांच्याच सल्लागार मंडळातील विरोधकांनी कैद केले आणि कैदेतच १७७७ मध्ये ते मरण पावले. १७८१ च्या हैदर अलीच्या स्वारीने गावे उजाड केली, माणसे व गुरे पळविली. पडलेली लागवड उठविण्यासाठी नंतर गावांच्या गटांचा महसूल पट्टकदार नावाच्या मक्तेदारांकडे देण्यात आला. थोड्याच वर्षांत ते प्रबळ झाले. कंपनीने सत्ता घेताच प्रथम त्यांना दूर केले.

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीने (कार. १७९८–१८३२) प्रांताचा कारभार कंपनीकडे दिला. त्याच्याकडे किल्ला व लगतचा भाग, वर्षाला एक लाख होन व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. राज्य गेलेल्या या राजाने ग्रंथसंग्रह, मुद्रणालय, वैद्यक व छत्रे यांवर जे लक्ष दिले ते सुविदित आहे. १८०३ मध्ये त्याने बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. चोळांच्या जमीनदानाचे लेख असलेल्या वास्तूवर जमीन गमावलेल्या घराण्याने लिहविलेला तो दीर्घ लेख आहे. त्याचा पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून वारला आणि राज्य खालसा झाले.

लोक : बहुसंख्य लोक तमिळभाषी हिंदू होत. वेळ्ळाळ, ब्राह्मण, दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यातील कळ्ळर, उत्तरेकडील वन्नियर, शेतावर राबणारे पळ्ळर व परैयर आणि किनाऱ्यावरील पट्टिनवर कोळी हे प्रमुख समाज. नागूर-नागपट्टणम् भागातील मरैक्कायर मुसलमान जुने समुद्रव्यापारी आहेत. कुंभकोणम् व तंजावरचे सौराष्ट्र विणकर रेशमाच्या धंद्यात असून त्यांची भाषा गुजराती-मराठीच्या शेजारची, परंतु स्वतंत्र आहे.

मराठी भाषकांची संख्या येथे कधीच मोठी नव्हती. राजवाड्याभोवतीची मराठा घराणी, देशस्थ ब्राह्मण आणि शिंपी इ. व्यावसायिक एवढाच त्यांचा विस्तार. तमिळ शेजाऱ्यांनी देशस्थांना ‘रायर’ म्हटले. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर व मन्नारगुडी येथे स्थापन झाले आणि मराठी कीर्तनाच्या साच्यातून तमिळ हरिकथा आकाराला आली. पुष्कळ कुटुंबांत मराठी घरात बोलली जाते, परंतु लिहिणे-वाचणे तमिळमधून होते. या बोलीत जुन्या मराठीची रूपे टिकून आहेत, तशी वाक्यरचनेवर तमिळची छापही आहे. तिला अशुद्ध मराठी म्हणणे अन्यायाचे होईल. सत्ता गेल्यावर या वर्गाने कारकुनीचे कसब इंग्रजी अंमलात उपयोगात आणले. मद्रास इलाख्यातील अनेक जिल्हा कचेऱ्यांचे हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत चालत. त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झालेले सर टी. माधवराव (१८२८–९१) हे कुंभकोणम्‌चेच. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या नावावरून तंजावरच्या मुदपाकखान्यात जन्मला, ही कथा लोकप्रिय आहे; इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही.

ब्रिटिश अंमल व नंतर : जिल्ह्याचे मुख्य ठाणे आरंभी नागपट्टणम्, डॅनिश वसाहत विकत घेतल्यावर १८४५ पासून तरंगंबाडी आणि १८६० च्या सुमारास तंजावर येथे आले. १९०१ मध्ये जिल्ह्यात नऊ तालुके होते व लोकसंख्या सु. २२.४५ लाख होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोळ्ळिडमकडे अधिकाधिक पाणी वळून कावेरी गाळाने भरू लागली होती. आर्थर कॉटन यांनी १८३६ मध्ये मुक्कोंबू येथे वरचा बंधारा घालून हे संकट निवारले. १९३४ मध्ये मेट्टूर धरण (साठवण ९३.४७ अब्ज घनफूट) पुरे झाले आणि नव्या कालव्याने पट्टुक्कोट्टैकडील कोरडा भाग भिजू लागला. रयतवारी पद्धतीत मिरासदारालाच रयत मानले गेले. कसणाऱ्याचे नाव सरकारी नोंदीत आलेच नाही.

याचा निकाल स्वातंत्र्योत्तर काळात लागू लागला. १९५२ मध्ये तंजावर जिल्ह्यापुरता कुळांच्या व पण्णैयाळांच्या संरक्षणाचा वटहुकूम निघाला. पूर्व तंजावरमधील कीळवेण्मणी या गावी २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या तंट्यातून शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला व एका झोपडीत आश्रय घेतलेली ४४ माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, जाळून मारली गेली. ते सर्व दलित होते. १९६९ मध्ये शेतमजुरांना वाजवी मजुरी देणारा आणि १९७१ मध्ये राहत्या झोपडीच्या जागेची मालकी देणारा असे दोन कायदे झाले. कित्येक पिढ्या ज्या जमिनीवर ही माणसे राबली, तिच्यावर त्यांचा पहिला नोंदलेला हक्क झोपडीखालच्या जागेपुरता होता.

तंजावर जिल्ह्यातून १९९१ मध्ये नागपट्टणम् वेगळा झाला, १९९७ मध्ये (मुख्यतः नागपट्टणम् जिल्ह्यातून) तिरुवारूर आणि नागपट्टणम्‌मधून २०२० मध्ये मयिलाडुतुरै. पाण्याचा वाद मद्रास व म्हैसूर यांच्या १८९२ व १९२४ च्या करारांपासून चालत आला. १९९० मध्ये त्यासाठी लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरफार करून बिळिगुंडलू येथे तमिळनाडूला वर्षाकाठी १७७.२५ अब्ज घनफूट पाणी देण्याचे ठरविले. त्याच वर्षी कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. २०२० च्या संरक्षित कृषिक्षेत्र कायद्याने तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम् आणि लगतच्या काही भागांत तेल व वायू यांच्या नव्या उत्खननास व काही अवजड उद्योगांस बंदी घातली. त्या कायद्याच्या पोटी, जिल्ह्यांच्या सीमा बाजूला ठेवून, त्रिभुज प्रदेश हा पुन्हा कारभाराचा एक विभाग झाला आहे.

भोसले काळातील मोडी कागदांचा मोठा संग्रह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात असून त्यातील काही भाग तमिळ विद्यापीठात आहे. देवस्थाने, छत्रे, इनामे व दरबारखर्च यांची माहिती त्यांत विपुल आहे. पाण्याच्या पाळ्या, पेरा आणि मजुरी यांसाठी मात्र गावच्या तमिळ हिशेबांकडेच वळावे लागते.